इनाकादाते: भाताच्या खाचरात चित्र लावणारं गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

उत्तर जपानमधल्या या गावाची छायाचित्रं दर पावसाळ्यात फिरत असतात. त्यांच्यासोबत येणारी माहिती बहुतेक वेळा अर्धीच असते, कधी साफ चुकीची. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. जायचंय त्यांच्यासाठी आणि स्वतःच्या खाचरात करून पाहायचंय त्यांच्यासाठीही.

हे गाव नेमकं कुठे आहे?

जपानच्या मुख्य होन्शू बेटाच्या अगदी उत्तर टोकाला आओमोरी प्रांत आहे. त्याच्या पश्चिम भागात त्सुगारू नावाचं मैदान पसरलंय आणि इनाकादाते त्या मैदानात, हिरोसाकी आणि कुरोइशी या दोन शहरांच्या मधे वसलंय. क्षेत्रफळ जेमतेम २२ चौरस किलोमीटर. पश्चिमेला १६२५ मीटर उंचीचा इवाकी डोंगर एकटाच उभा दिसतो. गावात मात्र टेकडी म्हणावी असं काही नाही, सगळं ताटासारखं सपाट. हा सपाटपणा लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावरच बेतलेल्या आहेत.

हे शहर आहे, नगर आहे की खेडं?

कायद्याने ‘मुरा’, म्हणजे गाव. जपानमध्ये शहर, नगर आणि गाव या तिन्हींना स्वतःचा निवडून आलेला प्रमुख आणि स्वतःचं कार्यालय असतं, त्यामुळे आपल्या ग्रामपंचायतीशी थेट तुलना करू नका. लोकसंख्या सात हजारांच्या आसपास आहे. २००० च्या आसपास ती पावणेनऊ हजार होती. शेजारची दोन नगरं आणि एक गाव मिळून २००६ मध्ये हिराकावा शहर झालं. इनाकादाते मात्र वेगळंच राहिलं.

‘इनाकादाते’चा अर्थ काय?

‘इनाका’ म्हणजे खेडेगाव, गावंढा भाग. ‘दाते’ म्हणजे वाडा किंवा गढी. थोडक्यात ‘खेड्यातली गढी’. आपल्याकडे एखाद्या गावाचं नावच ‘खेडेगाव बुद्रुक’ असावं, तसं जपानी माणसाला ते ऐकू येतं. इथे खरोखर एक गढी होती. १५८५ मध्ये त्सुगारू घराण्याच्या तामेनोबूने ती जिंकली.

भातात चित्र काढायची कल्पना कधीची आणि का?

१९९३ ची. गावाकडे लोक यावेत म्हणून गाव कार्यालयाने लावणी-कापणीच्या अनुभवाचा कार्यक्रम आखला. नुसतं चिखलात उतरायला कोण येणार, म्हणून वेगवेगळ्या रंगांच्या भाताने इवाकी डोंगर आणि ‘भातसंस्कृतीचं गाव इनाकादाते’ अशी अक्षरं लावली. खाचर होतं २५०० चौरस मीटरचं, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण २५ गुंठे. रंग तीनच: जांभळा, पिवळा आणि नेहमीचा हिरवा.

त्याच वर्षी उत्तर जपानमध्ये उन्हाळा इतका थंड गेला की भातात दाणाच भरला नाही. सरासरी पीक १०० धरलं तर देशाचा आकडा ७४ वर आला आणि आओमोरी प्रांताचा २८ वर. जपानला थायलंडहून तांदूळ आणावा लागला. अशा वर्षी भाताचं कौतुक सांगणारं चित्र उभं राहिलं हा योगायोगच.

पुढची आठ-नऊ वर्षं तोच डोंगर लावला जात होता. दरवर्षी नवं, गुंतागुंतीचं चित्र ही पद्धत २००२-०३ पासूनची. आज ‘ताम्बो आर्ट’ (ताम्बो म्हणजे भातखाचर) जपानभर शंभराहून अधिक ठिकाणी होतं, पण त्याचं मूळ हेच.

रंग फवारतात का?

नाही. रंग पानाचा आणि लोंबीचा, जातीचा स्वतःचा.

हिरव्यासाठी खाण्याचाच भात लावतात. ‘त्सुगारू रोमान’ ही इथली जात त्यासाठी बरीच वर्षं वापरात होती. गडद जांभळ्या, लांबून काळ्याच दिसणाऱ्या पानांत अँथोसायनिन असतं, म्हणजे जांभळाला रंग देणाऱ्या रंगद्रव्यांच्याच कुळातलं. पिवळ्या आणि पांढऱ्या पानांत हरितद्रव्य कमी असतं. लाल-नारिंगी रंग काही जातींत पानाला येतो, काहींत फक्त लोंबी बाहेर पडल्यावर तिच्या कुसळांना. अशा रंगीत जाती शोभेसाठी म्हणून आओमोरीतच मुद्दाम तयार केल्या गेल्या. पांढऱ्या पानाची ‘युकिआसोबी’ म्हणजे ‘बर्फाचा खेळ’ आणि लालसर ‘बेनिआसोबी’ ही त्यातली दोन नावं. आता चित्रात साधारण सात रंग आणि डझनभर जाती असतात.

याचा अर्थ चित्र एकाच दिवशी पूर्ण होत नाही. जुलैमध्ये पानांचे रंग भरतात, ऑगस्टमध्ये लोंब्यांचा लाल-नारिंगी उतरतो आणि तोवर हिरवा पिवळसर व्हायला लागतो. एकाच चित्राचे जून आणि सप्टेंबरचे फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळी चित्रं वाटतात.

चित्र प्रत्यक्ष लावतात कसं?

विषय हिवाळ्यात ठरतो. मग रेखाटन होतं, त्यात कुठला रंग कुठे आणि कोणत्या जातीने मिळणार हे ठरतं. इथे पहिली कात्री लागते: सात रंगांत न बसणारी छटा सोडून द्यायची. रेखाटन संगणकावर ताणून घेतात (का, ते पुढच्या प्रश्नात) आणि रेषांवरच्या हजारो बिंदूंचे खाचरातले मोजमाप काढतात.

एप्रिलमध्ये बी भिजवून प्लॅस्टिकच्या घरांत ट्रेवर रोपं केली जातात. आपल्याकडे राब भाजून तरवा टाकतात, तसं नाही. ट्रेमधली रोपांची चटई यंत्राला किंवा हाताला सोयीची पडते. प्रत्येक जातीचे ट्रे वेगळे आणि चिठ्ठी लावलेले असावे लागतात, कारण कोवळ्या रोपाला अजून पुरता रंग आलेला नसतो. जांभळं ओळखता येतं, पण पिवळं आणि हिरवं शेजारी ठेवलं तर सरावलेला माणूसही चुकतो.

चिखलणी झाली, पाणी उथळ केलं की जमीन मोजणीचं यंत्र लावून एकेक बिंदूवर काठी रोवतात. काठ्यांना पट्टी किंवा दोरी बांधली की खाचरात घोट्या-पोटरीच्या उंचीवर मोठमोठे आकार दिसू लागतात. नाजूक कडा माहीतगार माणसं आधी लावून घेतात. मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीच्या एखाद्या शनिवार-रविवारी हजारभर पाहुणे उतरतात आणि मोठे पट्टे भरतात.

हिशोब करून पाहा. ओळींत ३० सेंटीमीटर आणि चुडांत (चूड म्हणजे एका जागी रोवलेली थोडी रोपं) १५-१६ सेंटीमीटर अंतर ठेवलं तर चौरस मीटरला वीसेक चूड बसतात. गाव कार्यालयामागचं खाचर आता दीड हेक्टरचं, म्हणजे पावणेचार एकरांच्या आसपास. तीन लाख चूड झाले! हजार माणसांत वाटले तर प्रत्येकाला तीनशे. सवय नसलेला माणूस तेवढ्यात कंबर धरतो, पण दुपारपर्यंत काम आटोपतं.

लावताना खाली उभ्या माणसाला चित्र अजिबात कळत नाही. पट्टीच्या अलीकडे जांभळा, पलीकडे हिरवा, एवढंच. कुणी डोळ्याची बाहुली लावत असतो आणि त्याला ते महिन्याने वर चढल्यावर समजतं.

रेखाटन ताणावं का लागतं?

कारण बघणारा वरून सरळ खाली बघत नाही, तिरपा बघतो. २००३ मध्ये गावाने मोना लिसा लावली. आराखडा कागदावरच्या प्रमाणातच जमिनीवर उतरवला होता. गाव कार्यालयाच्या मनोऱ्यातून बघितल्यावर बाई खालून फुगलेली आणि वरून लहान डोक्याची दिसू लागली. त्या फजितीनंतर पुढच्या वर्षापासून तिरप्या नजरेचा हिशोब धरून रेखाटन करण्याची पद्धत आली.

आकड्यांत सांगायचं तर समजा डोळा जमिनीपासून २० मीटर उंच आहे, खाचराची जवळची कड ३० मीटरवर आणि लांबची १७० मीटरवर आहे. डोळ्यासमोर उभी काच धरली, तर जमिनीवरचा बिंदू काचेवर जितका खाली दिसतो ते मोजमाप म्हणजे उंची भागिले अंतर. जवळच्या कडेला ते ०.६६७ येतं, लांबच्या कडेला ०.११८. मधोमध म्हणजे ०.३९२, आणि हा बिंदू जमिनीवर ५१ मीटरवर पडतो. म्हणजे चित्राचा खालचा अर्धा भाग पहिल्या २१ मीटरांत आवरायचा आणि वरचा अर्धा उरलेल्या ११९ मीटरांत पसरायचा. रुंदीचंही तेच: लांबच्या कडेचा हात जवळच्या हाताएवढा दिसायला हवा असेल, तर तो जमिनीवर साडेपाच पटींहून जास्त रुंद लावावा लागतो.

ड्रोनने सरळ वरून काढलेल्या फोटोत म्हणूनच ही चित्रं विचित्र लांबुडकी दिसतात. फोटो खोटा नाही, फक्त उभं राहण्याची जागा चुकलेली असते.

कुठून बघायचं?

दोन ठिकाणं आहेत. पहिलं गाव कार्यालय. ही इमारत किल्ल्याच्या आकाराची, वर मनोरा असलेली आहे आणि तिच्या चौथ्या मजल्यावरून मागचं मोठं खाचर दिसतं. जन्म-मृत्यूचे दाखले देणारं कार्यालय आणि तिकीट काढून चढायचा मनोरा एकाच छपराखाली, असं दुसरीकडे क्वचितच सापडेल. दुसरं ठिकाण ‘यायोइ-नो-सातो’ हा निरीक्षण मनोरा, ‘मिची-नो-एकी इनाकादाते’ या रस्त्यालगतच्या थांब्याजवळ. तो २०१२ मध्ये सुरू झाला. तिथलं खाचर थोडं लहान आणि विषय बहुधा चित्रपट-मालिकांमधला, मुलांना ओळखीचा. शेजारी रंगीत खड्यांनी केलेली मोठी व्यक्तिचित्रंही असतात. ती भाताच्या हंगामाबाहेरही दिसतात.

सपाट गावात उंच जागा बांधून घ्यावी लागते. डोंगरउतारावर गाव असतं तर मनोऱ्याचा खर्च वाचला असता, पण एवढं मोठं सपाट खाचर मिळालं नसतं.

कोणत्या महिन्यात जावं?

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात चित्र ओळखू येतं, पण रोपांमधून पाणी चमकत असतं आणि रंग फिके असतात. सप्टेंबरमध्ये लाल-नारिंगी उठून दिसतो, हिरवा मात्र सोनेरी होऊन पिवळ्यात मिसळतो. कापणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

१३ ते १६ ऑगस्ट हे ओबोनचे दिवस टाळा. आपल्याकडे गणपतीत चाकरमानी कोकणात उतरतात तसे तेव्हा सगळे आपापल्या गावी येतात आणि मनोऱ्याखाली लांब रांग लागते. १ ते ७ ऑगस्टला हिरोसाकीत नेपुता उत्सव असतो, पंख्याच्या आकाराचे रंगवलेले प्रचंड कंदील रात्री मिरवतात. दोन्ही साधायचं असेल तर हा आठवडा उत्तम, पण हिरोसाकीत खोली काही महिने आधी धरावी लागते.

टोकियोहून कसं पोचायचं?

तोहोकू शिंकान्सेन या बुलेट ट्रेनच्या मार्गावरची ‘हायाबुसा’ गाडी शिन-आओमोरीला सव्वातीन तासांच्या आसपास पोचवते. हा मार्ग शिन-आओमोरीपर्यंत डिसेंबर २०१० मध्ये पूर्ण झाला. तिथून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) साध्या गाडीने हिरोसाकी अर्धा-पाऊण तास. हिरोसाकी स्थानकातच कोनान रेल्वेची फलाटं आहेत. ही १६.८ किलोमीटरची खासगी लाइन कुरोइशीला जाते आणि तिच्यावर टोकियोच्या तोक्यू कंपनीचे जुने स्टेनलेस स्टीलचे डबे धावतात.

इथेच लोक चुकतात. ‘इनाकादाते’ नावाचं स्थानक आहे, म्हणून तिथे उतरतात. यायोइ-नो-सातोच्या मनोऱ्यासाठी त्याच्या एक स्थानक आधी, ‘ताम्बो आर्ट’ स्थानकावर उतरायचं. ते २०१३ च्या जुलैमध्ये खास या चित्रांसाठी उघडलं. सकाळ-संध्याकाळच्या काही गाड्या तिथे थांबत नाहीत आणि हिवाळ्यात ते बंदच असतं, म्हणून परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या पाहून ठेवा. जेआरचा पास या लाइनवर चालत नाही. सुटे येन जवळ असू द्या.

गाव कार्यालय स्थानकापासून दूर आहे. हंगामात दोन ठिकाणांदरम्यान छोटी गाडी फिरते. ती चुकली तर टॅक्सी, किंवा अर्धा-पाऊण तासाची चाल, आणि खाचरांमधल्या रस्त्याला सावली नाही.

तिकीट किती?

बरीच वर्षं प्रत्येक ठिकाणी मोठ्यांना ३०० येन आणि शाळकरी मुलांना १०० येन असा दर होता. निघण्याआधी गावाच्या संकेतस्थळावर चालू दर आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ बघा. दोन्ही ठिकाणांचं तिकीट वेगळं असतं.

पाहुण्याला लावणीत भाग घेता येतो का?

येतो. अर्ज वसंतात निघतात, माहिती जपानीत असते आणि जागा भरल्या की नोंदणी बंद होते. गुडघ्यापर्यंतचे घट्ट रबरी बूट किंवा जुने जाड मोजे घाला. सैल गमबूट घालून गेलात तर पाय वर येतो आणि बूट चिखलातच राहतो. चूड अंगठा आणि दोन बोटांत धरून दोन-तीन सेंटीमीटर खोल टेकवायचा. पाठीमागच्या पावलाच्या खळग्यात लावलेला चूड पाण्यावर तरंगतो. नवख्यांच्या हातून हे नेहमी होतं आणि नंतर गावकऱ्यांना नांगे (रिकाम्या राहिलेल्या जागा) भरत बसावं लागतं. म्हणून खळगा पायाने सपाट करून मगच लावा.

चित्रात काय काय बिघडतं?

सगळ्यात जास्त त्रास नत्राचा. खत जास्त झालं की हिरवा भात जोमात वाढतो, पांढऱ्या-पिवळ्या जातींवर पसरतो आणि रेषा झाकतो. पुढे लोंबी भरल्यावर वारा आला की सगळं लोळतं. हरितद्रव्य कमी असलेल्या जाती मुळातच हळू वाढतात, फुटवेही कमी देतात, त्यामुळे त्यांना हिरव्याच्या बरोबरीने वाढवणं ही कसरत असते.

दुसरं, उंचीतला फरक. चित्रात उंच जात पुढे आणि बुटकी मागे पडली तर मागचा पट्टा दिसतच नाही. किती झाकलं जाईल त्याचा हिशोब सोपा आहे: उंचीतला फरक गुणिले अंतर भागिले डोळ्याची उंची. ३० सेंटीमीटरचा फरक, १५० मीटर अंतर आणि २० मीटर उंची असेल तर सव्वादोन मीटरचा पट्टा गायब. नाक-भुवईसारखी बारीक रेषा यात सहज बुडते.

तिसरं, मागच्या वर्षीचं भूत. कापणीत सांडलेलं रंगीत बी पुढच्या वर्षी आपोआप उगवतं आणि नव्या चित्राच्या हिरव्या पट्ट्यात जांभळे ठिपके दिसू लागतात. उपाय म्हणजे दाणे झडायच्या आत कापणी, चिखलणीत उगवलेलं गाडणं आणि उरलेलं हाताने उपटणं.

वादळ आणि थंड उन्हाळा यांवर मात्र इलाज नाही.

चित्रातला तांदूळ खातात का?

हिरव्या भागातला खातात, तो साधा तांदूळच आहे. रंगीत जाती शोभेच्या. त्या वेगळ्या कापतात, वेगळ्या झोडतात आणि पुढच्या बियाण्याव्यतिरिक्त त्यांचा फारसा उपयोग नाही. मिसळू देत नाहीत, कारण पांढऱ्या तांदळात चार रंगीत दाणे दिसले तरी प्रतवारीत भाव पडतो. परागकण उडून शेजारचं पीक बिघडेल ही भीती मात्र फारशी खरी नाही. भात मुख्यतः स्वपरागित आहे.

जाहिरातींचा वाद काय होता?

२००८ मध्ये खर्च भरून निघावा म्हणून चित्राखाली एका विमान कंपनीचं आणि एका वृत्तपत्राचं बोधचिन्ह लावलं होतं. खाचर भाड्याने देणाऱ्या बाजूने आक्षेप आला आणि लावलेली रोपं उपटावी लागली. तोवर पाहणं फुकट होतं. आम्हाला विचाराल तर पुढे आलेलं प्रवेश शुल्क हाच नीट मार्ग होता: ज्याला पाहायचंय त्याने पैसे द्यावेत, चित्राने कुणाचा फलक होऊ नये.

मग गाव श्रीमंत झालं का?

नाही, आणि तशी बढाई मारणारे लेख बाजूला ठेवा. चांगल्या वर्षांत भेटींचा आकडा तीन लाखांवर गेला. सात-आठ हजारांच्या गावासाठी हे प्रचंडच. पण माणूस दोन तास थांबतो, तिकीट काढतो, सफरचंदाचा रस पितो आणि मुक्कामाला हिरोसाकीला जातो, कारण गावात राहण्याची सोय फारशी नाही. लोकसंख्या कमी होतेच आहे, शेतकरी म्हातारे होत आहेत. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे चित्र रद्द झालं. गावाचं पोट भात आणि सफरचंदावर आहे. शेजारचं फुजिसाकी नगर हे ‘फुजी’ सफरचंदाचं जन्मस्थान. १९३९ मध्ये तिथल्या संशोधन केंद्रात तो संकर झाला आणि १९६२ मध्ये जातीला नाव मिळालं. आपल्याकडे फळवाल्याच्या टोपलीत ‘फुजी’ दिसतं ते याच मातीतलं नाव.

चित्राशिवाय पाहण्यासारखं काय?

तारेयानागी. १९८१ च्या सुमारास वळणरस्त्याच्या कामात जमिनीखाली साधारण २१०० वर्षांपूर्वीची खाचरं सापडली. एकूण ६५६, बहुतेक जेमतेम एका खोलीएवढी, मधे मातीचे बारीक बांध आणि चिखलात माणसांच्या पावलांचे ठसे. पुराच्या वाळूने झाकली गेल्यामुळे ती टिकली. इतक्या उत्तरेला त्या काळी भात पिकतच नव्हता असं अभ्यासक तोवर समजत होते, ते खोडून निघालं. २००० मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. रस्त्यालगतच्या थांब्याजवळच उत्खननातल्या वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. मनोऱ्यावरून उतरल्यावर तिथे अर्धा तास द्याच. पावलांच्या ठशांत टाचेचा दाब आणि बोटांची पसरण ओळखता येते; चिखलात तोल सावरणाऱ्या माणसाचंच पाऊल ते.

हिवाळ्यात काही दिसतं का?

डिसेंबर ते मार्च सगळं बर्फाखाली. २०१६ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश कलावंत सायमन बेक याने याच खाचरांवर बर्फाची पादत्राणं घालून चालत चालत भौमितिक नक्षी उमटवली आणि तेव्हापासून हिवाळी चित्राची वेगळी परंपरा सुरू झाली. फक्त त्यासाठी जायचं तर त्या वर्षीच्या तारखा नक्की करूनच निघा. काही दिवसांचाच खेळ असतो आणि ताजा बर्फ पडला की नक्षी पुसली जाते.

तिथली भाषा, खाणं?

त्सुगारू बोली टोकियोच्या माणसालाही कळत नाही. थंडीत तोंड कमी उघडावं लागावं म्हणून शब्द आखूड झाले, असं गमतीने सांगतात. प्रसिद्ध संवाद असा: ‘दोसा?’ म्हणजे ‘कुठे निघालात?’ आणि ‘युसा’ म्हणजे ‘अंघोळीला’, गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहात. तुमच्याशी अर्थात प्रमाण जपानीतच बोलतील.

शाकाहारी असाल तर काळजी घ्या. भाजीच्या रश्श्यातही सुक्या माशाचं पाणी असतं आणि ते ‘मांस नाही’ या उत्तरात धरलं जात नाही. मीठ लावलेल्या किंवा आंबट बोरासारख्या उमेबोशीच्या ओनिगिरी (भाताचे गोळे), फळं आणि भाजलेले गोड बटाटे यांवर एक दिवस सहज निघतो.

महाराष्ट्रात असं करता येईल का?

येतं. पुण्याजवळ डोणजे परिसरात काळसर पानांची जात वापरून भातात गणपती आणि पशुपक्षी उभे राहिले आहेत, प्रेरणा जपानचीच. करायचं असेल तर १० गुंठ्यांपासून सुरुवात करा, २० मीटर रुंद आणि ५० मीटर खोल असं खाचर आणि समोर गच्ची, टेकडी किंवा वळणाचा रस्ता.

डोळा ८ मीटर उंच, जवळची कड १० मीटरवर आणि लांबची ६० वर असेल तर चित्राचा मध्य १७ मीटरवर येतो. म्हणजे खालचा अर्धा भाग अवघ्या ७ मीटरांत. तिथे चुडांच्या चाळीस-पंचेचाळीस ओळीच बसतात, त्यामुळे बारकावा खाली ठेवू नका. चेहरा, डोळे, सोंडेचं टोक वरच्या, म्हणजे लांबच्या भागात घ्या.

मोजणीयंत्र नसेल तर दोन-दोन मीटरवर काठ्या रोवून चौकटी करा. एवढ्या खाचराला २८६ काठ्या लागतील. ताणलेल्या रेखाटनावर त्याच चौकटी आखा आणि रेषा एकेका चौकटीतून सुतळीने उतरवा. गच्चीवर एक माणूस फोन घेऊन उभा असू द्या. चूक लावणीनंतर सापडली तर दुरुस्ती महाग पडते.

बियाणं सगळं मिळून चार किलो पुरतं, पण जांभळ्या पानांचं थोडं जास्त टाका, नांगे भरायला तेच कमी पडतं. दोन्ही जातींचे तरवे वेगळ्या वाफ्यांत, मधे पाऊलवाट सोडून टाका, २१ ते २५ दिवसांची रोपं लावा, खताचा हात आखडता ठेवा. इंद्रायणीसारखी मध्यम उंचीची जात पार्श्वभूमीला चालेल. काळ्या दाण्याची किंवा काळ्या टरफलाची जात म्हणजे काळ्या पानाची असं समजू नका, बहुतेकांचं पान हिरवंच असतं. आधीच्या हंगामात कुंडीत लावून खात्री करा.

जपानी बी मागवू नका. परवान्याशिवाय ते आणता येत नाही, आणि आणलंच तरी उत्तरेच्या लांब दिवसांची सवय असलेली जात आपल्याकडे घाईने लोंबीवर येते. जुलैची लावणी असेल तर चित्र ऑगस्टच्या मध्यापासून महिनाभर टिकतं. फोटो उघडीप मिळाल्यावर, सकाळी नऊच्या आत काढा. ऊन डोक्यावर आलं की पानं चमकतात आणि काळा पट्टाही राखाडी दिसतो.